बांध कुठे घालायचा?

जावा शिकणाऱ्याला पहिल्या काही धड्यांतच सांगितलं जातं, की इथले सगळे क्लास शेवटी 'ऑब्जेक्ट' या एकाच क्लासपासून उतरतात. एखादा चौकस विद्यार्थी मग त्या मूळपुरुषाचा सोर्स उघडून बघतो आणि चक्रावतो. जावा ८ मधली ती फाइल टिपणांनीच भरलेली आहे, प्रत्यक्ष कोड ओंजळभर. दोन ऑब्जेक्ट एकच आहेत का हे सांगणारी 'इक्वल्स' मेथड एका ओळीची. 'टूस्ट्रिंग' म्हणजे क्लासचं नाव, मग @ हे चिन्ह आणि पुढे हॅशकोड. बाकी 'गेटक्लास', 'हॅशकोड', 'क्लोन', 'नोटिफाय', 'नोटिफायऑल' आणि वेळ मोजून थांबणारी 'वेट' यांच्या पोटात काहीच नाही. जिथे कोड असायला हवा तिथे नुसता अर्धविराम, आणि नावाआधी एक शब्द: 'नेटिव्ह'. म्हणजे उत्तर इथे मिळणार नाही, खाली विचारा.

खाली म्हणजे व्हर्च्युअल मशीनकडे. जावाचा प्रोग्राम थेट प्रोसेसरवर चालत नाही. कंपायलर त्याचा बाइटकोड बनवतो आणि तो चालवायचं काम हे मशीन करतं. त्याच्या शेजारी असते क्लास लायब्ररी: स्ट्रिंग, याद्या, फाइली, तारखा, नेटवर्क असे हजारो तयार क्लास. प्रोग्रामरचा सगळा व्यवहार लायब्ररीशी, मशीनशी त्याची सहसा गाठच पडत नाही. या दोघांत मात्र अखंड देवाणघेवाण चालू असते, आणि ती कुठल्या दारातून व्हावी हे कुणीतरी ठरवलेलं असतं. पाठ्यपुस्तकं या ठरवण्यावर चार ओळीही खर्च करत नाहीत. भाषेच्या व्याकरणात भर घालणं त्या मानाने सोपं. हे दार एकदा बसलं की हलवताना वर्षं जातात.

शेजारशेजारच्या दोन वावरांमधल्या बांधासारखं हे प्रकरण आहे. तो कुठे घालायचा हे सुरुवातीलाच नीट ठरलं नाही, तर दोन्ही बाजूंनी तो थोडाथोडा कोरला जातो.

एक साधा नियम चटकन सुचतो. जे फक्त मशीनलाच ठाऊक असतं तेवढं मशीनकडे ठेवावं, उरलेलं सगळं लायब्ररीत, जावामध्येच लिहावं. ऑब्जेक्ट मेमरीत कुठे आहे, केवढा आहे, कुठल्या क्लासचा आहे. कुठला थ्रेड आत्ता कुठल्या मेथडमध्ये आहे आणि त्याला तिथे कुणी बोलावलं. या गोष्टी मशीनच्या. 'क्लोन' नेटिव्ह का, ते यावरून कळतं. ऑब्जेक्टची हुबेहूब नक्कल काढायची तर त्याचे बाइट उचलावे लागतात, आणि जावा भाषेने बाइटांना हात लावायची सोय मुद्दामच दिलेली नाही. 'हॅशकोड'चंही तसंच. गार्बेज कलेक्टर ऑब्जेक्टना मेमरीत इकडून तिकडे हलवत असतो, त्यामुळे मेमरीतला पत्ता हीच ओळख असं मानून चालत नाही. हॉटस्पॉट हे जावाचं सर्वांत प्रचलित मशीन पहिल्यांदा विचारणा झाली की एक आकडा तयार करतं आणि ६४ बिटांच्या संगणकावर तो ऑब्जेक्टच्या शीर्षभागात ३१ बिटांत लिहून ठेवतं. त्या शीर्षभागापर्यंत लायब्ररी पोचूच शकत नाही.

नियम चांगला आहे, पण त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे: लायब्ररी मशीनवर अवलंबून असते, मशीन लायब्ररीवर नाही. प्रत्यक्षात मशीनही लायब्ररीवाचून पांगळं असतं. पूर्णांकाला शून्याने भागलं की मशीनला एक एक्सेप्शन उभी करावी लागते, आणि तिचा क्लास लायब्ररीत असतो. प्रोग्राममध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर 'स्ट्रिंग' व्हावा लागतो, तोही लायब्ररीतला. म्हणून मशीन सुरू होतानाचे पहिले क्षण फार नाजूक असतात. 'स्ट्रिंग', 'सिस्टिम', 'क्लास', 'थ्रेड' यांना ठरलेल्या क्रमानेच उभं करावं लागतं. मुख्य थ्रेडचा जावा-ऑब्जेक्ट बनवायचा, तर त्याचा कन्स्ट्रक्टर चालवायला आधी एक चालू थ्रेड लागतो. हॉटस्पॉट त्यावर तोडगा काढतं: आधी नुसती मेमरी राखून अर्धाकच्चा ऑब्जेक्ट जागेवर बसवायचा, मग त्याच्याच नावाने त्याचाच कन्स्ट्रक्टर चालवायचा. मेमरी संपल्याची एरर तर आधीच बनवून ठेवलेली असते, कारण मेमरी संपल्यावर ती बनवायला मेमरी आणणार कुठून?

हॉटस्पॉट आणि त्याची लायब्ररी यांच्यात तीन वाटांनी येणंजाणं चालतं. लायब्ररी मशीनमधली सी भाषेतली फंक्शन बोलावते. त्यांच्या नावांची सुरुवात 'जेव्हीएम' या अक्षरांनी होते आणि ती सगळी एका हेडर फाइलमध्ये लिहिलेली आहेत. मशीन लायब्ररीतल्या काही मेथड नावाने बोलावतं. तिसरी वाट मात्र कुठल्याही करारात नोंदलेली नाही. मशीनला लायब्ररीतल्या काही क्लासांची आतली फील्डही ठाऊक असतात, आणि ते तिथे थेट हात घालतं. सगळी दुखणी या तिसऱ्या वाटेने येतात.

'स्ट्रिंग'चं उदाहरण घ्या. पूर्वी प्रत्येक स्ट्रिंगमध्ये अक्षरांचा एक अ‍ॅरे असे आणि सोबत 'ऑफसेट' व 'काउंट' हे दोन आकडे. लांब मजकुरातून तुकडा काढला की नवा अ‍ॅरे बनत नसे. जुनाच वापरून फक्त आकडे बदलले जात. काम झटपट होई, पण दहा अक्षरांच्या तुकड्यापायी आख्खा एक मेगाबाइटचा मजकूर मेमरीत अडकून पडे. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या जावा ७ च्या सहाव्या अपडेटने ती दोन्ही फील्ड काढून टाकली. हा बदल निव्वळ लायब्ररीचा, असं कुणालाही वाटेल. पण हॉटस्पॉटला ती फील्ड पाठ होती, आणि हॉटस्पॉटची एकच आवृत्ती जुन्या-नव्या दोन्ही लायब्रऱ्यांबरोबर चालायला हवी होती. मग मशीनमध्ये एक विचारणा घालावी लागली: 'ऑफसेट' नावाचं फील्ड आहे का? असेल तर वाचा, नसेल तर शून्य धरा.

पुढे २०१७ साली जावा ९ ने स्ट्रिंगचं पोट पुन्हा बदललं. तोवर प्रत्येक अक्षर दोन बाइटांत साठवलं जाई. इंग्रजी मजकुरात त्यातला एक बाइट वायाच जातो, म्हणून आता बाइटांचा अ‍ॅरे आला आणि सोबत 'कोडर' नावाचं एक फील्ड. सगळी अक्षरं लॅटिन-१ या संचातली असली तर प्रत्येकी एक बाइट, एखादंही बाहेरचं निघालं तर संपूर्ण स्ट्रिंग दोन बाइटांची. रोमन लिपीतलं 'नमस्कार' आठ बाइटांत बसतं. देवनागरीत हलन्त आणि काना धरून सात चिन्हं होतात, म्हणजे चौदा बाइट. तेव्हा या बचतीचा मराठी मजकुराला काडीचाही लाभ नाही. इंग्रजी परिच्छेदात एक 'ळ' आला तरी आख्खा परिच्छेद दुप्पट. याही खेपेला मशीन, त्याचा आतला कंपायलर आणि लायब्ररी यांना एकदमच पाऊल टाकावं लागलं.

हा प्रश्न जावाच्या आधी स्मॉलटॉकने सोडवला होता, आणि माझ्या मते अधिक देखणेपणाने. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत ही भाषा घडली. अडेल गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉब्सन यांचं १९८३ सालचं निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक तिच्या मशीनचं वर्णन स्मॉलटॉकमध्येच करतं. मशीनची मदत मागायची तर मेथडच्या सुरुवातीला एक क्रमांक लिहायचा. लहान पूर्णांकांची बेरीज हा क्रमांक १, अ‍ॅरेतला घटक वाचणं ६०, नवा ऑब्जेक्ट बनवणं ७०. त्यातली खुबी अशी, की क्रमांकाखाली साधा स्मॉलटॉक कोडही असतो. मशीनला काम जमलं तर ते उत्तर देऊन मोकळं होतं, आणि जमलं नाही तर खालच्या ओळी चालू लागतात. त्या पुस्तकातल्या रचनेत लहान पूर्णांकांची मजल १६,३८३ पर्यंत. त्यात १ मिळवायला गेलात की मशीन हात वर करतं, आणि खालचा कोड मोठ्या संख्यांच्या क्लासकडून बेरीज करून आणतो. वापरणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. काही क्रमांक तर ऐच्छिकच होते. नवं मशीन लिहिणाऱ्याने ते सोडून दिले तरी प्रोग्राम चाले, फक्त हळू.

हे वर्णन कागदावरच राहिलं नाही. पुस्तक छापण्याआधी झेरॉक्सने ते अ‍ॅपल, डेक, ह्यूलेट-पॅकार्ड आणि टेक्ट्रॉनिक्स या चार कंपन्यांना दिलं आणि आपापल्या संगणकांवर मशीन बांधून बघायला सांगितलं. परक्या माणसाला नुसतं वर्णन वाचून मशीन बांधता येतं का, याची याहून सरळ परीक्षा नाही.

जावाच्या बाबतीत अशी परीक्षा सुरुवातीला झालीच नाही. १९९६ च्या जानेवारीत जेडीके १.० आलं तेव्हा मशीन आणि लायब्ररी दोन्ही सन मायक्रोसिस्टिम्सची. सी भाषेतला कोड जोडायची पहिली पद्धत तर अशी होती, की ऑब्जेक्टची मेमरीतली मांडणी सीच्या स्ट्रक्चरसारखी उघडीच दिसे. असा उघडा ऑब्जेक्ट गार्बेज कलेक्टरला हलवता येत नाही. १९९७ च्या जेडीके १.१ मध्ये जेएनआय, म्हणजे 'जावा नेटिव्ह इंटरफेस', आला आणि त्याने हे बंद केलं: सीमधल्या कोडला थेट पत्ता न देता एक आडवळणाची खूण द्यायची, आणि प्रत्येक काम फंक्शनांच्या एका तक्त्यातून करवून घ्यायचं. मायक्रोसॉफ्टने मात्र आपल्या जावासाठी वेगळी पद्धत काढली. सनने त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, त्यात जेएनआय दिला नाही हीही एक तक्रार होती. इतक्या रुक्ष गोष्टीवरून दोन कंपन्या कोर्टात उभ्या राहिल्या, यातच तिचं वजन कळतं.

जेएनआय ही प्रोग्रामर आणि मशीन यांच्यातली सोय. मशीन आणि त्याची स्वतःची लायब्ररी यांच्यातला बांध खऱ्या अर्थाने आखला तो ग्नू क्लासपाथ या प्रकल्पाने. सनचा सोर्स तेव्हा मुक्त नव्हता. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी १९९८ साली जावाची लायब्ररी मुळापासून लिहायला घेतली. सनचा कोड ज्याने पाहिला आहे त्याने इथे एक ओळही लिहायची नाही, असा कडक नियम होता. आणि या प्रकल्पाचं स्वतःचं मशीन नव्हतं! मशीनं दुसऱ्यांची, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. रॉबर्ट लॉगर यांचं छोटंसं जॅमव्हीएम, व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातलं कॅकाओ, मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधनातून आलेलं सेबलव्हीएम, आयबीएममध्ये जन्मलेलं आणि स्वतःच जावात लिहिलेलं जाइक्स आरव्हीएम, शिवाय मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर जावा चालवणारं आयकेव्हीएम.

सनप्रमाणे 'ऑब्जेक्ट'च्या मेथडींना सरळ 'नेटिव्ह' म्हणणं इथे परवडणारं नव्हतं. जाइक्स आरव्हीएमला सीची गरज कशाला? आयकेव्हीएमच्या खाली तर सी नव्हतंच. म्हणून क्लासपाथने प्रत्येक अवघड क्लासला एक जोडीदार दिला: 'ऑब्जेक्ट'ला 'व्हीएमऑब्जेक्ट', 'क्लास'ला 'व्हीएमक्लास', तसेच 'व्हीएमथ्रेड', 'व्हीएमसिस्टिम', 'व्हीएमथ्रोएबल'. 'ऑब्जेक्ट'मधल्या 'क्लोन'ने एवढंच करायचं, की 'व्हीएमऑब्जेक्ट'मधल्या 'क्लोन'ला बोलवायचं. हे जोडीदार वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेले. मशीन लिहिणाऱ्याने त्यांच्या नमुना प्रती घ्याव्यात, त्यात हवं ते लिहावं, पण त्यापलीकडे लायब्ररीला हात लावू नये. ते बाहेरच्या प्रोग्रामला दिसतही नसत, त्यामुळे त्यांच्यावर कुणी विसंबून राहण्याचा प्रश्नच नव्हता. मधल्या या एका उडीने वेग कमी होईल अशी शंका येते, पण या मेथड स्टॅटिक आणि छोट्या असतात, आणि बरा कंपायलर त्या जागच्या जागी विरघळवून टाकतो.

यातली 'थ्रेड'ची मांडणी मला विशेष आवडते. प्रोग्रामरने 'थ्रेड'चा ऑब्जेक्ट बनवला म्हणजे खरा थ्रेड जन्मला असं नव्हे. तो 'स्टार्ट' म्हटल्यावर जन्मतो. आणि थ्रेड मेल्यावरही ऑब्जेक्ट मागे उरतो. क्लासपाथमध्ये 'थ्रेड'च्या पोटात 'व्हीएमथ्रेड'चं एक फील्ड असे. सुरू होण्याआधी ते रिकामं, चालू असताना भरलेलं, संपलं की पुन्हा रिकामं. थ्रेडचं नाव बदलायचं तर आधी हे फील्ड बघायचं: रिकामं असेल तर नाव नुसतं लिहून ठेवायचं, भरलेलं असेल तर मशीनला कळवायचं. मेलेल्या थ्रेडचा शिळा पत्ता हातात राहून घोटाळा व्हावा, ही शक्यताच संपली. 'क्लास'मध्येही 'व्हीएमडेटा' नावाचं एक फील्ड मशीनसाठी मोकळं सोडलेलं होतं. मशीनने त्यात काहीही ठेवावं, लायब्ररी उघडून बघणार नाही. तिसऱ्या वाटेवर याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही.

अपाचे हार्मनी हा मुक्त जावाचा आणखी एक, २००५ चा प्रकल्प. त्याने रेघ जरा ढोबळ ओढली: 'ऑब्जेक्ट', 'क्लास', 'थ्रेड' असे काही क्लास पूर्णपणे मशीन लिहिणाऱ्यानेच द्यायचे. लायब्ररी सुटसुटीत झाली, पण प्रत्येक मशीनवाल्याला तेच तेच पुन्हा लिहावं लागलं. मला ही वाटणी एकतर्फी वाटते. सनशी परवान्यावरून वाद झाला आणि २०११ मध्ये हार्मनी बंद पडली. तिच्या लायब्ररीचा मोठा भाग मात्र तोवर अँड्रॉइडमध्ये गेला होता आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पर्यंत आपल्या खिशातल्या फोनमध्ये चालत होता.

२००६ च्या नोव्हेंबरात सनने जावाचा सोर्स खुला करायला सुरुवात केली, आणि क्लासपाथची निकड ओसरली. जॅमव्हीएम आणि कॅकाओ यांनी ती 'जेव्हीएम' फंक्शन स्वतः लिहिली आणि या खुल्या झालेल्या जावाची, म्हणजे ओपनजेडीकेची, लायब्ररी थेट वापरायला सुरुवात केली. क्लासपाथची ०.९९ ही आवृत्ती २०१२ साली आली. तिच्या परवान्यातलं 'क्लासपाथ एक्सेप्शन' हे कलम मात्र सनने उचललं, आणि आजही ओपनजेडीकेची लायब्ररी त्याच कलमाखाली मिळते.

जी दारं घरच्यांसाठी असतात तिथून पाहुणे आत शिरले की काय होतं, हे 'अनसेफ' या क्लासने दाखवलं. लायब्ररीला मेमरीत थेट लिहिता यावं, दोन थ्रेडांच्या स्पर्धेत एक आकडा अखंडपणे बदलता यावा, म्हणून तो ठेवलेला. नावातच धोक्याची पाटी होती. बाहेरच्या प्रोग्रामने मागितला तर नकार मिळे. लोकांनी रिफ्लेक्शन वापरून त्याचं खासगी फील्डच उघडलं. वेगाची हाव कुणाला नसते? नेटी, कॅसांड्रा अशी नावाजलेली सॉफ्टवेअर त्यावर उभी राहिली. जावा ९ ने अंतर्गत क्लासांवर कुलूप घालायचं ठरवलं तेव्हा याला सोडावं लागलं, 'आधार नसलेल्या' गोष्टींच्या एका खास मॉड्यूलमध्ये बसवून. त्याच्या जागी 'व्हारहँडल' आले, पुढे २०२४ च्या जावा २२ मध्ये परकी मेमरी हाताळायची अधिकृत सोय आली, आणि जावा २४ पासून 'अनसेफ'च्या मेमरीविषयक मेथड वापरल्या की इशारा छापला जातो. एका आडदाराला भिंत घालायला इतकी वर्षं!

बांध जागेवर राहत नाही, हेही मान्य करायला हवं, आणि अलीकडे तो मशीनच्या बाजूला सरकतो आहे, म्हणजे लायब्ररीचं वावर वाढतं आहे. २०२३ च्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आले. कुठला थ्रेड केव्हा चालवायचा हे त्यात जावामध्ये लिहिलेली लायब्ररीच ठरवते. मशीनने फक्त थ्रेडचा स्टॅक गोठवून बाजूला ठेवायचा आणि पुन्हा वितळवायचा. रचना सुरेख, पण तिला एक जुनी गाठ अडली. 'सिंक्रोनाइझ्ड' कुलूप कुणाच्या हातात आहे ही नोंद मशीन ठेवी, आणि ती व्हर्च्युअल थ्रेडच्या नावाने न होता त्याला वाहून नेणाऱ्या खऱ्या थ्रेडच्या नावाने होई. त्यामुळे कुलूप हातात असताना व्हर्च्युअल थ्रेड थांबला, की खरा थ्रेडही अडकून पडे. ही गाठ सुटली ती मार्च २०२५ मध्ये, जावा २४ बरोबर.

स्वतःची छोटी भाषा बनवण्याचा नाद महाविद्यालयांतल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना असतो, आणि तो चांगला आहे. त्यांना एवढंच सांगणं: पहिलं मशीन चालू लागलं की लायब्ररीत आणखी शंभर क्लास घालत बसू नका. एखाद्या मित्राला फक्त तुमची लायब्ररी आणि एक पानभर टिपण द्या, आणि त्यावर दुसरं मशीन लिहायला सांगा. कितीही संथ इंटरप्रिटर असला तरी चालेल. तो तुम्हाला जेवढे प्रश्न विचारायला येईल, तेवढं तुमच्या टिपणात लिहायचं राहिलेलं आहे.